पाटलाच्या खळ्यावरचं देऊळ

सावळखेड, मालेगावजवळ, जिल्हा अकोला
२२ एप्रिल १९३६

चिरंजीव शांतवन,

तुला आठवण करून देते. तुला एक आजी आहे. तिचं नाव पंचफुला. ती सावळखेडात गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीत राहते, अजून मेलेली नाही, आणि लहानपणी तुला जिथं जिथं खरूज झाली तिथं तिथं तिनं करंजाचं तेल चोळलेलं आहे. एवढ्या खुणा पुरेत. नागपूरच्या पाद्रीशाळेत म्हणे अब्राहामाच्या बापाचं नाव पाठ करून घेतात. त्या भरात स्वतःच्या बापाच्या आईचं नाव गळून पडत असेल. नाताळपासून तुझं एक पत्र नाही.

हे पत्र रंगूबाई लिहून राहिल्या आहेत. मिशनच्या बायबलबाई. गावोगाव फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवतात, ते तुला ठाऊक आहे. मी बोलते तसं त्या लिहीत नाहीत, आधी धुऊन घेतात. माझं 'मले' त्यांच्या कागदावर 'मला' होऊन उतरतं. तरी वास माझाच येईल.

आता ईस्टरची हकिगत. नाल्याकाठच्या चिंचेखाली आपण जमतो, तसेच जमलो. वाशीमहून पाद्रीसाहेब आले होते. टेबलावर रंगूबाईंची धुवट चादर, तिच्यावर प्रभुभोजनाची भाकर. साहेबांनी डोळे मिटले आणि वावटळ आली. चादर उडाली ती बाभळीवर. भाकर खाली पडली, आणि ती कुणाच्या हाती लागायच्या आत तुझ्या बापाची शेळी तिथं पोचली. साहेब हसले. पोरं हसली. तुझा बाप याकोबसुद्धा हसला, त्याची शेळी आहे ना. मला हसू आलं नाही.

गावात मारोतीला घर आहे. मरीआईला घर आहे, भले कोंबडीच्या खुराड्याएवढं असो. पिराला चौथरा आहे. आपल्याच देवाला तेवढं झाड. उन्हात सावली सरकते तशी मंडळी सरकते, आणि पाऊस आला की देवाला नाल्यात सोडून जो तो आपल्या घरी पळतो.

मी साहेबांना म्हटलं, आम्हाला देऊळ पाहिजे. ते म्हणाले, सात घरांसाठी मिशनची कमिटी देऊळ मंजूर करत नाही, तुम्ही वाशीमला यावं. शांतवन, वाशीमला पोचेपर्यंत उपासना संपते आणि परत येईपर्यंत माझे गुडघे. मी म्हटलं, साहेब, देव आमच्याकडे आला तेव्हा त्यानं घरं मोजली नव्हती. ते चांगले आहेत, पण कमिटीला भितात.

मला एकदा भिंतींच्या आत बसून त्याचं नाव घ्यायचं आहे. मागणं एवढंच आहे. तर तू असं कर, नागपूरचं मोठं देऊळ कसं आहे ते सगळं लिही. भिंती कशा, छप्पर कसं, कोण कुठं बसतं. मी इथं लोकांना सांगेन. भूक लागायला आधी वास यावा लागतो.

तुझी आजी

(चादर मीच बाभळीवरून काढली. तीन ठिकाणी फाटली आहे. — रंगूबाई)


नागपूर
१० मे १९३६

तीर्थरूप आजीस शांतवनाचा सलाम.

तुझ्या खुणा पटल्या. परीक्षेमुळे लिहिणे झाले नाही, तरी रागावू नये.

येथील देऊळ काळ्या दगडाचे आहे. कमानी उंच, वर निमुळत्या झालेल्या. खिडक्यांना रंगीत काचा आहेत. सकाळचे ऊन त्यातून आले की बायकांच्या टोप्यांवर लाल-निळे ठिपके पडतात. टोप्या नाना तऱ्हेच्या, कुणाच्या टोपीवर पीस, कुणाच्या टोपीवर फळे. साहेब लोकांच्या कॉलरी इतक्या ताठ की त्यांच्या माना वळत नाहीत. छताला मोठे पंखे आहेत. त्यांची दोरी ओढणारा माणूस बाहेर भिंतीशी बसतो आणि ओढता ओढता पेंगतो. घंटा वाजली की स्टेशनापर्यंत ऐकू जाते.

आता थोडे शास्त्राचे. आमचे गुरुजी म्हणतात की पवित्र जागेची ओढ ही जुन्या मनाची खूण आहे. विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईला प्रभूने हेच सांगितले की या डोंगरावरही नव्हे आणि त्या शहरातही नव्हे, खरी भक्ती आत्म्याने करावयाची. देवाला घर लागत नाही, आजी. चिंच पुष्कळ आहे. वस्तीतल्या मंडळींना तू उगाच भरीला घालू नयेस असे मला वाटते.

बाबांना, आईला सलाम. शेळीलाही.

तुझा शांतवन


सावळखेड
१४ जून १९३६

चिरंजीव शांतवन,

तुझं पत्र रंगूबाईंनी एकदा वाचलं. मग मी म्हटलं, टोप्यांपासून पुन्हा वाचा.

देवाला घर लागत नाही हे मला तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे. घर आम्हाला लागतं. आणि त्या शोमरोनी बाईला निदान विहीर तरी होती. आपल्याला गावच्या विहिरीवर कुणी चढू देत नाही, तर आपला प्रभू आपल्याला कुठं भेटायचा ते तुझ्या गुरुजींना विचार.

आणखी एक. टोप्या मागून कशा दिसतात ते तू लिहिलंस. माना लिहिल्यास. बाहेर दोरी ओढणारा पेंगतो तेही लिहिलंस. पाद्र्याचं तोंड कसं आहे ते कुठं लिहिलंस, बाळा? दोरीवाल्याची झोप दिसते इतक्या मागं तू कुठं बसतोस?

उत्तर नको देऊस. आता माझं ऐक.

दौलतराव पाटलाचं जुनं खळं तुला आठवतं का? पांढरीच्या, म्हणजे गावठाणाच्या, कडेला, आपल्या वस्तीकडून वर चढलं की लागतं ते. गोल. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते खळं सारवत आले. आधी माझी सासू आणि मी, मग मी एकटी, मग तुझी आई आणि मी. शेण-माती चोपून चोपून ती जमीन अशी झाली की वर धान्य सांडलं तर वाजावं. दर सुगीला मधल्या खांबाभोवती, मेढीभोवती, पाटलाचे बैल फिरायचे, जोंधळ्याची रास पडायची. खळ्यात कुणी जोडे घालून येत नसे, पाटीलसुद्धा नाही. मोठ्यानं बोलत नसत. आपल्या वाट्याचं बलुतं आपण कडेला उभं राहून पदरात घ्यायचो, आणि शेवटचं मातेरं पाखडायलाही आपल्यालाच मिळायचं.

आता पाटलानं सगळ्या वावरात कापूस घातला. कापसाला खळं लागत नाही. चार सालं झाली, तिथं पऱ्हाटीचे, कापसाच्या वाळल्या काड्यांचे, ढीग पडलेत आणि कुत्री व्यायतात.

मागच्या महिन्यात रंगूबाईंनी दावीद राजाची गोष्ट वाचली. त्याला देवासाठी वेदी बांधायची होती, तर देवानं त्याला जागा दाखवली ती कुणाची? अरवना म्हणून एक परका माणूस, त्याचं खळं. आणि पुढं त्याच जागी मोठं देऊळ उभं राहिलं. हे ऐकलं आणि शांतवन, माझ्या डोळ्यांपुढं आपलं खळं आलं. मी रंगूबाईंना विचारलं, तुम्ही हे मनचं वाचता की खरंच लिहिलंय?

(लिहिलेलेच आहे. — रंगूबाई)

मी पाटलाकडे गेले. अंगणाबाहेर उभी राहिले. तो खाटेवर बसून सुपारी कातरत होता. मी सांगितलं, खळं पाहिजे, देवाला घर बांधायला. त्यानं मान वर केली नाही.

"घेऊन टाक. पडूनच हाये ते."

झालं होतं काम. कुणीही शहाणी बाई पाया पडून निघाली असती. पण त्या अरवनानंही दावीदाला असंच म्हटलं होतं, घेऊन टाका, आणि दावीद म्हणाला होता, फुकटाचं मी देवाला देणार नाही. मी तेच म्हटलं.

"फुकट नाही घेत, पाटील. सारी जिंदगी तुमच्या खळ्यावर मागूनच खाल्लं. देवासाठी नाही मागत."

आता मात्र त्यानं वर पाहिलं. "मंग तुह्यापासून म्या काय घ्यावं? लोक काय म्हंतीन मले?"

त्याचंही बरोबर होतं. माझ्या हातचं घेतलं तर तो गावात हलका पडला असता. फुकट घेतलं तर मी देवाकडे हलकी पडले असते. शेवटी तो म्हणाला, म्हातारपणी तुझं डोकं फिरलं, आणि आत गेला.

आतून मनकर्णाबाईंनी हाक मारली. पाटलाची आई. आम्ही दोघी एकाच साली या गावात नवऱ्या होऊन आलो, त्या वाड्यात आणि मी वाड्याबाहेर. आता त्या खाटेला खिळल्यात, तोंडात दात नाही. कुडाच्या पलीकडून मला म्हणतात, "पंचफुले, तो जुना गूळभेंडी जोंधळा आठवते तुले? एकदा त्याचा हुरडा खाऊन मरावं म्हंते. माह्या पोरानं सारं रान कापसाचं केलं. बोंडं भाजून खाऊ काय मी?"

शांतवन, माझ्या घरात चुलीवरच्या आढ्याला ती कणसं लटकलेली आहेत. पाटलाच्याच खळ्यावरून बलुत्यात आलेली. धुरात राहिली म्हणून कीड नाही, आणि दर साली तुझ्या बापाकडून बांधाच्या कडेला चार ओळी पेरून घेते म्हणून बी जिवंत आहे. साऱ्या गावात ते बी आता दुसऱ्या कुणाजवळ नाही. पाटलाच्या घरी तर नाहीच.

आणि बियाची रीत तुला माहीत आहे. बी मागून नेलं तर त्याला विटाळ नाही. बियाला कुणी जात विचारत नाही. पण फुकट नेलेलं बी उगवत नाही. नेणाऱ्यानं काहीतरी द्यावंच लागतं.

मी मनकर्णाबाईंना हळूच सांगितलं, बी माझ्याजवळ आहे. पाटलानं येऊन मागावं.

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, आपल्या वस्तीच्या तोंडाशी, आणि खोकला. खोकलाच. मी झाडत होते, झाडतच राहिले. मग म्हणाला, "बी दे." मी म्हटलं, द्या मग काय द्यायचं ते. तो म्हणाला, "सारा डाव आधीच मांडून ठेवला तू." आणि ठरलं. बी उगवलं आणि त्याच्या आईनं हुरडा खाल्ला, की खळं आपलं.

आता प्रार्थना कर पाऊस यावा म्हणून. ती मागं बसूनही करता येते.

तुझी आजी


नागपूर
५ जुलै १९३६

तीर्थरूप आजीस सलाम.

मी कोठे बसतो हा प्रश्न महत्त्वाचा नाही. मला तेथून सर्व ऐकू येते.

तुझे पत्र वाचून मला हसू आले आणि काळजीही वाटली. देवाच्या घराचा सौदा भाजलेल्या जोंधळ्यावर करावा हे योग्य आहे का? पाऊस गेला तर? म्हाताऱ्या बाई त्याआधीच गेल्या तर? मग वस्तीतील मंडळींचे मन खचेल, आणि दोष देवाला लागेल, तुला नव्हे.

दुसरे असे की खळे गोल असते. देऊळ लांबट असावे लागते. पुढे वेदी, व्यासपीठ, मग मंडळींच्या रांगा. ही जगातील सर्व देवळांची पद्धत आहे. या बाबतीत जाणती मंडळी विचार करतीलच. तू त्रास घेऊ नयेस.

तुझा शांतवन


सावळखेड
१८ नोव्हेंबर १९३६

चिरंजीव शांतवन,

इतके दिवस मी लिहिलं नाही याचा तुला राग आला असेल तर बरं झालं. कळलं ना कसं वाटतं ते.

रोज वावरात होते. पाटलानं नाल्याकडचा तुकडा कापसातून सोडवून गूळभेंडी पेरली. उगवली. रानडुकरासारखी उगवली, शांतवन. मग श्रावणात पावसानं तोंड फिरवलं. पानं गुंडाळायला लागली. आपल्या सातही घरांची माणसं आळीपाळीनं नाल्यातून घागरी वाहून त्या तुकड्याला पाणी घालत होती. पाटलाच्या वावराला, फुकट. गावातली माणसं बांधावर उभी राहून विचारायची, काहून गा, पाटलानं तुमाले विकत घेतलं काय? तुझा बाप म्हणायचा, नाही, आम्ही पाटलाला विकत घेऊन राह्यलो.

पाऊस आला. कणसं भरली, तशी पाखरं आली. माळ्यावर बसून आम्ही गोफणी फिरवल्या. माझ्या हातात आता गोफण चालत नाही, म्हणून मी आणि रंगूबाई वर बसून गायनं म्हणायचो. माझ्या आवाजाला पोपट उडायचे. रंगूबाईंनी वरची पट्टी लावली की शेजारच्या वावरातले बगळेसुद्धा उठायचे.

(हे वाक्य मी लिहिणार नव्हते. — रंगूबाई)

मागच्या महिन्याच्या शेवटी हुरडा झाला. मनकर्णाबाईंना बैलगाडीत गादी घालून वावरात आणलं. आगटी पेटली. भाजणारे पाटलाचे गडी, कणसं चोळणारी पाटलाची सून. आम्ही बांधाच्या अलीकडे बसलेले, जिथं बसायची रीत आहे तिथं. मला तिथूनही दिसत होतं. सुनेनं दाणे खलबत्त्यात जरासे ठेचून तिळाची चटणी लावून त्यांच्या तोंडात घातले. त्यांनी ते हिरड्यांनी इतका वेळ घोळवले की मला वाटलं आता थुंकतात. पाटलाचा अडकित्ता थांबलेला.

मग त्या म्हणाल्या, "हाच तो." आणि दुसरा घास मागितला.

पाटील उठला. आम्हाला वाटलं आमच्याकडे येतो. तो सरळ खळ्याकडे चालत गेला, आम्ही मागं. खळ्याच्या कडेला त्यानं जोडे काढले. चार सालांत त्या कुत्र्यांच्या उकिरड्यात कुणी जोडे काढले नव्हते. आत जाऊन पऱ्हाटीच्या ढिगावरची एक मोळी त्यानं स्वतः उचलून बाहेर फेकली आणि गड्यांना म्हणाला, "उचला रे हे सारं. खळं पंचफुलाचं हाये." त्याच आठवड्यात वाशीमला जाऊन कागदही केला.

त्या दिवशी आपल्या वस्तीत कुणी चूल पेटवली नाही. भूकच नव्हती.

आता तुझी गोष्ट. खळं साफ झालं, मी सारवायला बसले, तर मिशनचा एक ओव्हरसियर सायकलवरून आला. हातात नकाशा. लांबट. म्हणाला, खळ्याची जमीन खोदून पाया घ्यावा लागेल, आणि नागपूरहून एका शिकलेल्या विद्यार्थ्यानं साहेबांना पत्र लिहून कळवलं आहे की देऊळ रीतसर व्हावं, म्हाताऱ्या बायकांच्या मनासारखं नव्हे. मी विचारलं, त्या विद्यार्थ्याला लहानपणी खरूज झाली होती का? त्याला कळलं नाही.

शांतवन, मी रागावलेली नाही. नीट ऐक. ती जमीन मी खोदू देणार नाही. तिच्यात माझ्या सासूचे हात आहेत. ते बाजूला ठेवू. दुसरं सांगते. आम्ही त्या खळ्यावर सारी जिंदगी कडेला उभे राहिलो, कारण मधे पाटलाची रास होती. रास उचलली गेली की मग कळायचं, खळ्याला पुढची बाजू नसते आणि मागचीही नसते. कुठंही बसा, मधली मेढ सगळ्यांना सारखीच. लांबट देवळात कुणीतरी मागं बसणारच. आणि मागं कोण बसतं ते आता मला ठाऊक आहे, तू लिहिलं नाहीस तरी.

मी ओव्हरसियरला परत पाठवलं. साहेबांचा निरोप आला आहे. बांधा तुमच्या मनासारखं, नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी येऊन पाहीन. देऊळ म्हणण्यासारखं वाटलं तर अर्पण करीन, नाही तर मिशन त्याला देऊळ म्हणणार नाही, गोठा म्हणेल.

म्हणजे आता सगळं त्या एका दिवसावर आलं.

तुझी आजी


नागपूर
१ डिसेंबर १९३६

प्रिय आजी,

शास्त्र बाजूला ठेवून लिहितो.

मी दारात बसतो. आतल्या बाकांवर नाही, दाराबाहेरच्या पायरीवर, दोरी ओढणाऱ्याजवळ. त्याचे नाव मदनसिंग आहे. पहिल्या रविवारी मी आत एका बाकावर बसलो होतो. कोणी काही म्हणाले नाही. शेजारचे कुटुंब उठून पुढच्या बाकावर गेले, मग त्यांच्या मागचे. मी एकटा आख्ख्या बाकावर उरलो आणि पुढच्या रविवारी पायरीवर गेलो. कोणीच काही म्हणाले नाही, त्यामुळे कोणाला काही सांगताही आले नाही. पाद्रीसाहेबांचे तोंड मी आजवर नीट पाहिलेले नाही. तू ते टोप्यांवरून कसे ओळखलेस?

वाशीमच्या साहेबांना ते पत्र मीच लिहिले होते. मला वाटे की आपले देऊळ या देवळासारखे झाले तर आपण या लोकांसारखे होऊ. काल मी त्यांना दुसरे लिहिले आहे. आजी म्हणते तसे होऊ द्यावे, एवढेच.

नाताळात रजा नाही. आम्हाला येथे गायनात उभे करणार आहेत. तू मला एवढेच लिही. मी तेथे असतो, तर कोठे बसलो असतो?

शांतवन


सावळखेड
३ जानेवारी १९३७

चिरंजीव शांतवन,

उभं राहिलं!

रंगूबाई म्हणतात पत्राची सुरुवात अशी करत नाहीत. मी म्हटलं, आज धुऊ नका.

जुन्या गढीची पांढरी माती आणली. पायानं तुडवून, थर चढवून, एक थर वाळला की दुसरा, अशी भिंत खळ्याच्या कडेकडेनं गोल फिरवली. जमिनीला कुदळ लागू दिली नाही. मेढीच्या जुन्या खड्ड्यात नवा सागवानी खांब बसवला, कारण सगळं छप्पर त्याच्यावर टेकतं. खांब आणि गवत बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या लखीरामनं गाडीनं आणून टाकलं. त्याची आई भुरीबाईसुद्धा गूळभेंडीचं बी मागत होती. सध्या माझ्या आढ्याकडे लोक देवाकडे पाहावं तसे पाहून राहिले आहेत.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी साहेब आले. टांग्यातून उतरले, देवळाभोवती एक चक्कर मारली, तोंडावर काही दिसेना. ओव्हरसियर बरोबर होता, त्याच्या काखेत तोच नकाशा. आपली मंडळी आत बसलेली. बाहेर गाव जमलेलं, तमाशा पाहायला. पाटील सगळ्यांच्या पुढं, मनकर्णाबाईंची गाडी दाराशी लावलेली. साहेब दाराशी आले आणि बुटासकट पाय उचलला.

"साहेब," पाटील म्हणाला. मोठ्यानं नाही. "खळं हाये. जोडे बाहेर."

शांतवन, आपल्या देवळाच्या दारात आपल्यासाठी बोललेलं पहिलं वाक्य पाटलाचं आहे. तो ते आपल्यासाठी म्हणून बोलला नव्हता, हे मला कळतं. तो खळ्यासाठी बोलला. पण बोलला, आणि साऱ्या गावासमोर बोलला, आणि त्याच्या पायात त्या वेळी जोडे नव्हते. दाराबाहेर उभा होता तरी काढलेले होते.

साहेबांचा पाय तसाच हवेत. मग ते मागं सरले, उंबऱ्यावर बसले आणि नाड्या सोडायला लागले. त्या बुटांना नाड्या तरी किती. देवानं मोशेला पवित्र जागी जोडे काढायला सांगितलं ती गोष्ट त्यांना आठवली असावी, कारण उठले तेव्हा डोळे ओले होते. किंवा वाकून वाकून पाणी आलं असेल. मोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर.

आत आले आणि विचारलं, मी कुठं उभा राहू? मी म्हटलं, खांबाशी. ते खांबाशी उभे राहिले आणि तोंड कुणाकडे करावं ते त्यांना कळेना. इकडं वळले तर तिकडची माणसं पाठीमागं. तिकडं वळले तर इकडची. असे दोनदा फिरले, बैलासारखे. मग हसले आणि खाली बसले, तुझ्या बापाच्या आणि रंगूबाईंच्या मधे, मांडी घालून. बसल्याबसल्या सगळीकडे पाहिलं. तिथून त्यांना आमचे सगळ्यांचे चेहरे दिसले आणि आम्हाला त्यांचा. त्यांचं नाक लाल आहे, आणि डाव्या गालावर एक चामखीळ. एवढी वर्षं झाडाखाली उन्हाची तिरीप डोळ्यावर यायची, कधी नीट दिसलीच नव्हती.

त्यांनी ओव्हरसियरला सांगितलं, नकाशा गुंडाळा. मग बसूनच प्रार्थना केली आणि ही जागा देवाला दिली. 'देऊळ' म्हणाले. एकदा नाही, प्रार्थनेत पुन्हा पुन्हा म्हणाले, मी कान लावून होते. आपल्या मंडळीनं गायन सुरू केलं. रंगूबाईंनी वरची पट्टी लावली आणि गवतातून चिमण्या उडाल्या.

(उडाल्या. आणि मला त्याचे काही वाटले नाही. — रंगूबाई)

तू विचारलंस कुठं बसलो असतो. मी सांगणार नाही. येशील तेव्हा जोडे काढ, आत ये आणि बस. जिथं बसशील तिथून पाद्र्याचं तोंड दिसेल. आणि मदनसिंगाला सांग, कधी नोकरी सुटली तर इकडं ये. आपल्याकडे पंखा नाही, म्हणजे दोरीही नाही.

उपासना संपल्यावर मी बाहेर आले. मनकर्णाबाई गाडीतच होत्या. सगळं ऐकलं म्हणाल्या, शब्द कळले नाहीत पण बसल्याबसल्या झोप छान लागली. मग माझा हात धरला. धरला, शांतवन. मी आजूबाजूला पाहिलं. पाटील दुसरीकडे बघत होता, मुद्दाम. म्हणतात, "तुहा नातू नागपुरात हाये नं? मंग संत्री मागव माह्यासाठी."

मी म्हटलं, मागवते, अख्खी तुमच्या सुनेच्या हाती देईन. सालीसकट फळ त्यांच्या घरी चालतं, सोललेलं आपल्या हातचं चालत नाही, तुला माहीत आहे.

तर त्या म्हणाल्या, "माह्या नखात जोर नाही. तू सोलून दे."

तेव्हा संत्र्यांची एक टोपली अकोल्याच्या गाडीनं लगेच पाठव. आंबट नको, बी कमी असलेली बघ. आणि ढिल्या सालीची निवडून घे, कारण नखात जोर माझ्याही राहिला नाही.

तुझी आजी पंचफुला